बुरेमा तोएची टोपी

“आधी रिकामी पाकिटं दाखव,” तालातो म्हणाली. “मागच्या दोन्ही फेऱ्यांची.”

असेता मान खाली घालून उभी राहिली. तिच्या कडेवरची दोन वर्षांची कादी तालातोच्या औषधवाटपाच्या पिवळ्या जाकिटाकडे टकमक बघत होती. उत्तर दिलं ते कडुनिंबाखाली बसलेल्या असेताच्या सासऱ्याने, बुरेमा तोएने.

“रिकामी कशी असतील? मी काय उधळ्या आहे? चारही गोळ्या कणगीत जपून ठेवल्यात. पोरगी आजारी पडली की काढू.”

 पावसाळ्याचे चार महिने, दर महिन्याला एक फेरी. पहिल्या दिवसाचं औषध तालातो आपल्या डोळ्यांदेखत पाजायची आणि पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या हाती ठेवायची. हिवताप पोराला शिवूच नये म्हणून हा सगळा खटाटोप. आणि या काटकसरी म्हाताऱ्याने बियाण्याची बाजरी राखावी तशा गोळ्या राखल्या होत्या. बाहेर गावभर डबकी तुडुंब भरली होती.

एरवी तालातो बाजारात चवळीची भजी तळायची. औषधाचं काम तिने दोन वर्षांपूर्वी स्वतः जाऊन मागून घेतलं. अकरा वर्षांमागे अशाच सप्टेंबरात तिचा तीन वर्षांचा नोआगा एका दिवसाच्या तापात गेला होता, दवाखान्याच्या वाटेवर, नवऱ्याच्या सायकलवर, तिच्या मांडीत. तेव्हा गावात हे औषध नव्हतं. तिच्या वाट्याला आलेल्या बेचाळीस घरांतून एक तरी पावसाळा असा जावा की लहानग्यासाठी खड्डा खणावा लागू नये, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. गेल्या दोन्ही वर्षी एकेक पोर गेलंच होतं.

“आजारी पडल्यावरचं औषध वेगळं, ते दवाखान्यात देतात,” ती म्हणाली. “तू घर कधी शाकारतोस? पाऊस आत आल्यावर?”

“छप्पर रडत नाही,” बुरेमा पुटपुटला. “ही कडू गोळी खाऊन तासभर रडते. मला नाही बघवत.”

“बाबा ऐकत नाहीत, मावशी,” असेता हळूच म्हणाली.

सगळा गाव त्याला बाबा म्हणायचा. तालातोला मात्र तशी सक्ती नव्हती. ती मोस्सी, तो सामो. या दोन जमातींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं थट्टेचं. कुत्र्याच्या मुंडक्यावरून कधीकाळी झालेलं भांडण ते अजून लुटुपुटीने भांडतात. एकाने वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्याने रागवायचं नाही. आणि एखादं पिकलं माणूस गेलं की दुसऱ्या जमातीच्या माणसाने त्याचेच कपडे घालून मयतीत त्याची नक्कल करायची. मागेल ते मिळेपर्यंत कपडे परत द्यायचे नाहीत.

तालातोने औषधाची पिशवी खाली ठेवली. पुढे होऊन तिने बुरेमाच्या डोक्यावरची विणलेली पांढरी टोपी उचलली आणि आपल्या डोक्यावर चढवली. त्याची काठी घेतली आणि डावा पाय ओढत अंगणात फेऱ्या मारू लागली.

“रडू नका रे सामोंनो!” तिने घोगरा आवाज काढला. “मी बुरेमा तोए. मेलो एकदाचा! फार हुशार होतो हो मी. बकऱ्यांनी बाजरी फस्त केली की मग कुंपण घालायचो!”

शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. मग पाच. मग अंगण भरलं.

“नातीच्या गोळ्या कणगीत ठेवल्या. तेव्हापासून गावातल्या एकाही उंदराला ताप नाही!”

लोक पोट धरून हसू लागले. असेताने पदरात तोंड लपवलं. खुद्द बुरेमाला हसता हसता ठसका लागला.

“मर, मुंडकंचोर बाई!” तो डोळे पुसत म्हणाला. “दे ती टोपी. काय पाहिजे ते माग. मुंडकं देतो.”

“मुंडकं नको.” तालातो थांबली. तिचा आवाज पुन्हा तिचा झाला. “तीन सकाळी दे. आज, उद्या, परवा. गोळी तूच विरघळवायची, तूच पाजायची. असेताने हात लावायचा नाही.”

 बुरेमाने कादीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. थट्टेच्या नात्यातलं मागणं नाकारणारा माणूस त्या गावात आजवर जन्माला आला नव्हता.

“आण पाणी,” तो सुनेला म्हणाला. “आणि साखर. जास्त आण.”

पहिला घोट कादीने त्याच्या स्वच्छ झग्यावर फुर्रकन उडवला. तालातोने दुसरं पाकीट फोडलं. म्हाताऱ्याने नातीला मांडीवर घेतलं, कसलंसं बैलांना म्हणायचं गाणं गुणगुणलं आणि चमचा रिकामा केला. कादी रडली. तोही रडवेला झाला, पण उठला नाही. औषध पोटात ठरतं ना हे बघायला तालातो अर्धा तास समोर बसून होती. जाताना तिने कणगीतल्या चारही गोळ्या परत नेल्या. टोपीही नेली.

तिसऱ्या दिवशी बुरेमाने रिकामं पाकीट तिच्यापुढे नाचवलं. पण टोपी मागितली नाही. “अजून एक फेरी आहे ना? ठेव तोवर.”

चौथ्या फेरीत तर तो बोडक्या डोक्याने गल्लीभर हिंडला. “आजची गोळी दिली का गं?” दारोदार हाच प्रश्न. गोळी लपवायची कुणाची छाती झाली नाही.

ऑक्टोबर सरला, डबकी आटली, बाजरीची कणसं घरात आली. तालातो शेवटचं सगळ्या घरी जाऊन आली. बेचाळीस घरं, सत्त्याहत्तर पोरं. सत्त्याहत्तरच्या सत्त्याहत्तर हजर! कुणी धूळ उडवत होतं, कुणी मार खात होतं. एकही दार मुकं नव्हतं. रस्त्यात उभी राहून ती मोठ्याने हसली आणि मग रडली. असा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुरेमा तिच्या भज्यांच्या कढईपाशी येऊन बसला.

“टोपी न्यायला आलास, म्हाताऱ्या?”

“तुझ्या नोआगाच्या वेळी मी आलो होतो. आठवतं?”

तालातोचा झारा थांबला. “आलास. काही बोलला नाहीस.”

“लहान पोराच्या मातीला थट्टा करत नाहीत. दर पावसाळ्यात कुणाच्या तरी दारी मी असा तोंड मिटून बसलो. यंदा एकदाही नाही बसावं लागलं, तालातो. एकदाही नाही.” त्याने कढईतलं भजं उचललं, चटका बसला, तरी खाल्लं. “टोपी ठेव. आता पाळी आमची, म्हाताऱ्यांची. माझ्या मयतीला घालून ये. आणि पाय नीट ओढ, त्या दिवशी उजवा ओढत होतीस.”

“डावाच ओढला होता, खोटारड्या!”

संध्याकाळी तिने टोपी घरातल्या खुंटीवर टांगली. त्या खुंटीवर अकरा वर्षं नोआगाचा निळा सदरा होता. तो तिने जरासा बाजूला सरकवला आणि दोघांनाही जागा केली.