एकतीस नंबरची टीप

“हाई टीप मी टाइप करावू नही,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी मशीनवरून हात काढले.

“का?”

“हाऊ निकाल तू सोता वाचेल शे का?”

“मोठ्या पुस्तकात दिलाय, आप्पा. सगळेच देतात.”

“मंग त्या पुस्तकनं नाव लिख. निकालनं कसाले लिखस?”

आई स्वयंपाक करता करता हसली. “आते वकील कोन शे, पोर का बाप?”

१९९४ चा मे महिना. यंत्रमागावर जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाईवरचा माझा एलएलएमचा प्रबंध पाच दिवसांत द्यायचा होता. आप्पा बावीस वर्षं सुरतच्या कोर्टाबाहेर टायपिंग करत. तळटिपांसाठी ते आधी ओळी मोजून पानाच्या कडेला पेन्सिलीची खूण करत. एक ओळ वाढली, की चार कार्बनांसकट अख्खं पान पुन्हा. त्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं होतं. प्रत्येक पानानंतर ते आडवे होत.

दुसऱ्या दिवशी चिडूनच मी कोर्टाच्या ग्रंथालयात त्या निकालाचा जुना खंड काढला. ‘जोखीम ओळखूनच कामगार मागावर उभा राहतो’ हे मी घेतलेलं वाक्य तिथे होतं. पण ते न्यायाधीशांचं नव्हतं. तो मालकाच्या वकिलाचा युक्तिवाद होता, आणि दोनच परिच्छेदांनंतर न्यायालयानं तो फेटाळला होता. कुणीतरी एकदा चुकीचं उतरवलं, पुढचे त्याच्यावरून लिहीत गेले. माझं तिसरं प्रकरण त्याच वाक्यावर उभं होतं.

“अकरा पानं बदलतील,” मी आप्पांना म्हणाले. “राहू द्या. कोण बघतंय?”

“तू दखी ना?”

त्यांनी कार्बन लावले. मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. तीन दिवस लागले. त्यांना थांबवायला हवं होतं, असं आजही वाटतं. थांबवलं नाही, याबद्दल कृतज्ञही वाटतं.

तोंडी परीक्षा सप्टेंबरात झाली. आप्पांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

“बेन, ही एकतीस नंबरची टीप,” परीक्षक चष्मा काढून म्हणाले. “मूळ निकाल वाचलात? मी पंधरा वर्षं चुकीचं शिकवतोय.”

“टायपिस्टनं वाचायला लावला, सर.”

“टायपिस्टनं?” ते मनापासून हसले. कागद पुढे सरकवत म्हणाले, “नाव-पत्ता लिहा त्यांचा. माझं पुस्तक त्यांच्याकडेच देतो.”

मी आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं, ठळक, वळणदार अक्षरात. पत्ता लिहिला नाही.