आयोडिनचा थेंब

विकतची चटणी आपल्या बरण्यांत भरण्यात रुम्यानाबाईंचा फायदा काय होता, ते आधी सांगतो. तीस किलो मिरच्या भाजणं वाचलं, त्या सोलून बोटं काळी करणं वाचलं, आणि दुखऱ्या मनगटाला आख्खा सप्टेंबर सुट्टी मिळाली. नाव मात्र होतं तिथेच राहिलं. बल्गेरियातल्या प्लेव्हन शहरातल्या आमच्या इमारतीत त्यांच्या ल्युतेनित्साला, म्हणजे भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोच्या आटीव चटणीला, तोड नाही असं सगळे म्हणत. यंदा ती जरा गोड लागली, तर लोक म्हणाले, मिरच्याच गोड निघाल्या.

चार बरण्या दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रोझदानकाकांकडे गेल्या. काका डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेह झाल्यापासून ते दुकानात भिंग घेऊन जात आणि लेबलवर साखर किंवा स्टार्च दिसला की वस्तू परत फळीवर ठेवत. लेबल नसलेली एकच गोष्ट ते खात, ती ही चटणी, आणि तीही वाटीभर. घरच्या बरणीला आमच्याकडे कोणी काही विचारत नाही.

नोव्हेंबरात त्यांची साखर चढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर बघू, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू. काका सुईला भीत, पण भिण्यापेक्षा त्यांना शोध लावायची हौस जास्त. वहीत घास न् घास टिपला. ब्रेड बदलला, दही बंद केलं. साखर हलेना. मग त्यांना कारखान्यातली जुनी परीक्षा आठवली: स्टार्च असेल तिथे आयोडिनचा थेंब निळा-काळा होतो. रविवारी त्यांनी शेजाऱ्यांना आपापल्या फ्रिजमधलं काहीतरी घेऊन बोलावलं. मी सॉसेज नेलं, चौथ्या मजल्यावरच्या त्सोन्काने चीज. रुम्यानाबाई मनगट दुखतंय म्हणून येत नव्हत्या. काका जाऊन घेऊन आले.

माझ्या सॉसेजवर थेंब पडताच शाई सांडल्यासारखं झालं.

“हे मांस आहे की उशी?” त्सोन्काने विचारलं. मग तिच्या चीजच्या तुकड्याची कडही काळवंडली, आणि तिने तो हळूच रुमालाखाली सरकवला.

तुलनेला एक खात्रीची वस्तू हवी, असं म्हणत काकांनी फ्रिजमधून रुम्यानाबाईंची बरणी काढली.

“ती राहू द्या,” रुम्यानाबाई म्हणाल्या. “वाया कशाला घालवता?”

“चमचाभर तर घेतोय. एवढ्या ताटात मला तुझीच काय ती खात्री आहे.”

लाल चटणीवर निळसर काळा डाग पसरत गेला. काकांनी भिंग धरलं आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. त्सोन्काची मान लांब होऊ लागली तसा त्यांनी बशीतल्या डागावर ब्रेडचा तुकडा ठेवला.

“सॉसेजचाच चमचा घातला मी,” ते म्हणाले. “धुवायचा राहिला.”

आता रुम्यानाबाईंनी नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. नाव वाचलं असतं. पण फ्रिजमध्ये अजून दीड बरणी होती, आणि डॉक्टरीणबाईंची तारीख पुढच्या गुरुवारी.

“चमचा धुतलेला आहे,” त्या म्हणाल्या. “चटणी विकतची आहे. साखर तिसऱ्या नंबरावर, स्टार्च पाचव्या. लेबल मी वाचलं होतं, ग्रोझदान.”

काकांनी वही उघडली, चटणीची ओळ शोधली. तिच्यापुढे तीन आठवडे नुसती बरोबरची खूण होती. ती खोडताना ते एवढंच म्हणाले, “मी या बरणीलाच विचारलं नाही.”

गुरुवारी साखर थोडी उतरली, जानेवारीत आणखी. सुई टळली. पुढच्या सप्टेंबरात रुम्यानाबाईंच्या बाल्कनीतल्या भट्टीत मिरच्या काका फिरवत होते, मीठ किती घालायचं यावर दोघांचं भांडण मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होतं.

कोणाला काय महागात पडलं, तेही सांगतो. काकांनी बिचाऱ्या दह्याला विनाकारण शिक्षा केली. रुम्यानाबाईंचं नाव गेलं, कारण त्सोन्काने ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पाचही मजल्यांवर पोचवलं. माझं सॉसेज सुटलं ते सुटलंच. चटणीच्या कारखान्याला काहीच महागात पडलं नाही. त्याने सगळं लेबलवर छापलेलं होतं.