आडवी पाचर

तेजस्वीनं खुर्ची डोक्यावर उचलली आणि माळ्यावरून सरळ खाली फरशीवर टाकली.

"डोकं फिरलंय काय तुझं!" खालून आण्णा ओरडले.

खुर्ची एकदा उडून आडवी पडली. तेजस्वी जिना उतरून आली, ती उभी केली आणि बापासमोर दोन्ही हातांनी गदागदा हलवली. एक सांधा हलेल तर शपथ.

"बघा की. आधीच्या दहा मोडल्या. ही न्हाय मोडत."

आण्णांनी नुसत्या सांध्यांकडं बघितलं. कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात बाहेरून दिसणारा सांधा आजवर झाला नव्हता. आतल्या आत चौकोनी खाच, तिच्यात चपखल बसणारं टोक, सगळं पटाशीनं कोरायचं. एका खुर्चीला चार दिवस. आणि लेकीनं काय करावं? पायाला आरपार गोल भोक, त्यात दांडीचं गोल टोक, टोकाला चीर पाडून बाहेरून ठोकलेली पाचर. तीही शिसवीची, काळीभोर, लांबून दिसेल अशी. एका दिवसात खुर्ची उभी.

"सांधा दिसला म्हंजे सुताराची अब्रू गेली," आण्णा म्हणाले. "पुट्टी भर त्यावर. अक्काताई यायच्या झाल्या."

"न्हाय भरायची. लपवायला चोरी केलीया काय?"

अक्काताई मगदूम यांची अभ्यासिका होती. परीक्षेच्या तयारीची पोरं दिवसभर मागच्या दोन पायांवर झुलायची आणि वर्षभरात खुर्च्या खिळखिळ्या करायची. त्यांना साठ खुर्च्या हव्या होत्या. तेजस्वीला मात्र त्या साठ खुर्च्यांच्या कामापेक्षा एकच गोष्ट हवी होती. हा सांधा तिनं काढला, हे आण्णांनी चारचौघांत कबूल करावं. तीन महिने ती त्यासाठीच राबली होती आणि घरादाराची बोलणी खाल्ली होती.

अक्काताई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पोरांसारख्या मागं रेलून चांगल्या झुलल्या.

"अगं बाई! करकर सुदिक न्हाय. आण्णा, डोकं कुणाचं हे?"

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"आपलंच की. चाळीस वर्सं लाकडात गेल्यात. सुचतंय काय बाय."

तेजस्वीची कानशिलं तापली. बाप झाला म्हणून काय झालं! तिनं खुर्चीचा एक पाय, एक दांडी, पाचर आणि हातोडी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"मग अक्काताईंना एक सांधा करून दावा, आण्णा. हितंच."

आण्णा मांडी घालून बसले. हात अजून पक्के होते, दांडी भोकात झकास बसली. पायाच्या लाकडाच्या रेषा उभ्या होत्या. आण्णांनी दांडी फिरवून टोकाची चीरही उभीच धरली, दिसायला नीट म्हणून. पाचर रेषांना आडवी लागते, नाहीतर ती लाकूडच फाडते. झाकल्या सांध्यात त्यांना पाचर कधी लागलीच नव्हती, तेव्हा हे कळायचं कुठून? तेजस्वीच्या पहिल्या तीन खुर्च्या याच चुकीनं गेल्या होत्या. तिनं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

तिसऱ्या ठोक्याला पाय वरपासून खालपर्यंत फाटला.

अक्काताईंनी उगाच पदर सारखा केला. तेजस्वीला फार वाईट वाटलं, पण माघार घ्यायची नाही म्हणून ती हाताची घडी घालून तशीच उभी राहिली.

आण्णांनी फाटलेला पाय उचलला. चिरेवरून अंगठा फिरवला. लेकीकडं एकदा बघितलं आणि तो पाय अक्काताईंच्या पुढ्यात धरला.

"हे माझं काम," ते म्हणाले. "तुम्ही बसलाय ते हिचं."