पश्चिमेची भिंत

याकोबभाऊंचा आवाज मोठा. कर्जतच्या पलीकडच्या त्या खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे ते वडील. पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपदेश त्यांचा, आणि ईस्टरच्या आधी प्रार्थनामंदिराला चुना लावायचा तर मुकादमकीही त्यांचीच. घरटी एक माणूस घायपाताचा कुंचा घेऊन यायचा. भाऊ स्वतः कुंचा कधी धरायचे नाहीत. लांब उभं राहून कुठं डाग राहिला तेवढं मात्र अचूक दाखवायचे.

शेचाळीस साली पश्चिमेच्या भिंतीला दिवस मावळता मावळता चुना लागला. त्या दिवशी वावटळ नव्हती, झाडाचं पान हललं नव्हतं, नुसतं आभाळ मळकट होतं. सकाळी येऊन बघतात तो तीन भिंती पांढऱ्याशुभ्र आणि ही चौथी पिवळी माती फासल्यासारखी. भाऊंचं डोकं भडकलं. चुना जैनुद्दीनच्या भट्टीतला, पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच यायचा. त्याला बोलावून आणलं आणि सगळ्या मंडळीसमोर भाऊ गरजले, "शेवटच्या पोत्यात माती मिसळलीस तू! देवाच्या घरालाबी फसवलंस?"

जैनुद्दीननं भिंतीवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि निघून गेला.

आता खरी गोष्ट सांगायची तर भाऊंना ती दुसऱ्याच दिवशी कळली होती. बैलांच्या दगडी डोणीतलं पाणी घ्यायला वाकले तर पाण्यावर तीच पिवळी साय. दोरीवर वाळत घातलेलं ओलं धोतर तसंच पिवळं. त्यांच्या घरी तर कुणी चुना लावला नव्हता! भाऊंनी इकडंतिकडं बघितलं, डोण ओतून टाकली, धोतर पुन्हा धुतलं. चारचौघांत सोडलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे नाक कापून घेणं. चार दिवसांत लोक विसरतील, असं त्यांनी मनाला समजावलं.

लोक विसरले नाहीत. भाऊंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आसपासच्या गावांनी जैनुद्दीनचा चुना घेणं बंद केलं. पावसाळ्यानंतर भट्टीचा धूर दिसेनासा झाला. भाऊ त्या वाटेनं जायचे टाळू लागले.

नाताळाला त्यांचा इसहाक रजेवर आला. पोरगा पलटणीच्या खेचरांवर होता. उन्हाळाभर एका मोजणीवाल्या साहेबाचं सामान घेऊन पार हिमालयात, लाहौलच्या डोंगरात गेला होता. आईनं भिंतीची हकिगत सांगताच तो ताडकन उठून बसला.

"आबा, आवो ती धूळ आसंल, वल्या चुन्यावर बसलेली! थितं डोंगरावर बर्फाची नदीच हाय. साहेबानं कुदळीनं खड्डा घेतला तर आत थर. पांढरा, मग पिवळा, पुन्यांदा पांढरा. म्या इचारलं, एवढ्या वर माती आली कुठनं? साहेब म्हनला, ही हितली न्हाईच. अरबस्तानातली हाय, मारवाडातली हाय. वाळवंटात वादळ उठलं की बारीक धूळ पार वर चढती. वारा तिला हजार मैल नेतो. डोंगराला आडली की बर्फासंगं खाली बसती."

"मग त्यानं काय हुतं?" आईनं विचारलं.

"बर्फ मळका झाला की ऊन जास्त पितो, लवकर वितळतो. थितले शेतकरी तर मुद्दाम शेतातल्या बर्फावर माती फेकत्यात, पेरनीला रान मोकळं व्हावं म्हनून." इसहाकचे डोळे चमकत होते. "आबा, तुमास्नी ठावंच नव्हतं, तुमचा काय दोस? जैनुचाचाला सांगा, लई बरं वाटंल त्याला."

भाऊ उठले. बरंच झालं म्हणायचं! अरबस्तानातून सबब चालून आली होती.

जैनुद्दीनच्या अंगणात भट्टीच्या जागी नुसता राडारोडा होता. तो स्वतः सडकेवर खडी फोडायला जात होता. बोटांना चिंध्या बांधलेल्या. त्याच्या बायकोनं, रोशनबीनं पाणी आणून दिलं. भाऊंनी धुळीची सगळी गोष्ट सांगितली.

जैनुद्दीन ऐकता ऐकता हसायलाच लागला. मग त्याचे डोळे भरून आले. "म्हंजे माजा चुना खरा हुता! भाऊ, म्या सोता सगळी पोती उपसून बगितली. काय वंगाळ घावलं न्हाई. पर म्हनलं, याकोबभाऊ देवाधर्माचा मानूस, उगं कशाला बोलंल? माज्याच हातानं काय तरी बिघडलं आसंल. म्हनून भट्टी मोडली." त्यानं भाऊंचा हात धरला. "जाऊ द्या. वाऱ्यानं केलं. तुमाला तरी काय ठावं?"

तो चिंध्या बांधलेला हात हातात असताना भाऊंना गप्प बसवेना. "मला ठावं हुतं, जैनुभाई," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशीच. माज्या डोनीत तीच धूळ पडली हुती. म्या वतून टाकली."

जैनुद्दीननं हात सोडला.

"हे मला सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "ज्यांच्यासमोर मला चोर केलंत, त्यास्नी सांगा."

रविवारी प्रार्थनामंदिर भरलं होतं. इसहाक पुढच्याच रांगेत. धुळीची गोष्ट गावभर त्यानंच सांगितली होती, 'आबांचा काय दोस' यासकट. भाऊ उभे राहिले. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी मागच्या लोकांना ऐकू जाईना, आणि कुणीतरी ओरडलं, "भाऊ, जरा मोठ्यानं!" मग त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं, डोण ओतली तिथपर्यंत.

ते खाली बसले तेव्हा इसहाक जमिनीकडं बघत होता. रजा संपून गेला तोवर त्यानं भाऊंना 'आबा' म्हणून हाक मारली नाही.