नासपतीच्या झाडापाशी किती पाणी

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सावा नदीच्या बांधाचे दरवाजे उघडून पुराचं पाणी आमच्या कुरणात सोडणार होते. माझी शेजारीण यागा हिच्या अकरा घोड्या कुरणातल्या उंचवट्यावर, जुन्या नासपतीखाली होत्या. चौघींजवळ आठवड्याभराची शिंगरं.

"मी नाही हलवत," यागाने फोन माझ्या नाकासमोर धरला. "हा पालिकेचा पुराचा नकाशा. माझं झाड फिकट निळं. शेजारी लिहिलंय, फिकट म्हणजे कमी पाणी. चाळीस वर्षं भूगोल शिकवलास ना? वाच!"

मी वाचलं. मग दोन बोटांनी नकाशा मोठा केला. झाड गडद निळं झालं. लहान केला, पुन्हा फिकट. शेजारची रंगसूची मात्र होती तशीच.

आम्ही तडक कचेरीत गेलो. नकाशा करणारा क्रेशो माझाच विद्यार्थी.

"बाई, आज श्वास घ्यायला वेळ नाही."

"पहिलीत सगळ्यांत उंच कोण होतं रे?"

"मी."

"आठवीच्या मुलांच्या रांगेत उभं केलं, तेव्हा?"

"सगळ्यांत बुटका. पण त्याचं काय?"

"तू मधेच आखडलास का?"

मी त्याला झाड दाखवलं, आधी गडद, मग फिकट. क्रेशोने कपाळावर हात मारला. पडद्यावर जेवढा भाग दिसेल, त्यातल्या सर्वांत खोल पाण्याला संगणक गडद रंग देत होता. नदी दिसू लागली की तिच्यापुढे कुरण उथळच ठरायचं.

"उद्या दुरुस्त करतो."

"उद्या बारानंतर शिंगरांना पोहायला शिकवशील?" यागा कडाडली.

मी खुर्ची ओढून बसले. "आम्ही थांबतो. कर तू."

त्याने एकेक रंग पाण्याच्या एकेका खोलीला कायमचा बांधला. सूचीत नुसते मीटर लिहिले.

"मीटर राहू दे," मी म्हटलं, "पण शेजारी घोटा, गुडघा असंही लिही."

"आणि घोडीचं पोट," यागा म्हणाली.

नकाशा मोठा केला, लहान केला. आता झाडाचा रंग हलला नाही. यागाने तो सूचीशी जुळवला. घोडीचं पोट. शिंगराची पाठ तेवढ्याच उंचीची.

तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "ऊठ, क्रेशो. बूट घातलेत ना? चल."

कुरणात पोचलो, तर कळपातली सर्वांत म्हातारी घोडी जागची हलेना. यागाने तिचं शिंगरू उचलून छातीशी धरलं आणि चालू लागली. घोडी खिंकाळत मागे आली, तिच्यामागे बाकीच्या. अंधार पडायच्या आत सगळ्या बांधावर होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बांधावरून बघत होतो. त्या झाडाला अंग घासून घासून घोड्यांनी साल गुळगुळीत केली होती. पाणी चढत चढत त्या गुळगुळीत सालीपर्यंत, घोडीच्या पोटाएवढं आलं आणि थांबलं.

"क्रेशो," यागा म्हणाली, "तुझ्या सूचीत शिंगराची पाठही घाल."