काजूखालची मेंढरं

दत्तप्रसाद परुळेकरला स्वतःच्या डोक्याबद्दल फार आदर होता. बाकीच्यांना तो का नाही, हेच त्याला कळत नसे. कुडाळातलं झेरॉक्सचं दुकान बंद करून तो धामापूरला आपल्या काजूच्या बागेत येऊन बसला आणि महिन्याभरात कोल्हापूरकडून टेम्पोतून पाच मेंढ्या आणि एक मेंढा घेऊन आला.

"ह्यांचा तुमी करतल्यात काय?" शर्मिलाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"लोकर इकूची."

"हयसर घामान माणूस निथळता. लोकर कोण घेतलो?"

हा प्रश्न टेम्पो ठरवण्याआधी सुचायला हवा होता, असं त्याला वाटलं. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शिंप्याची कात्री आणून त्याने एका मेंढीची लोकर कापायला घेतली. एक बाजू होईपर्यंत कात्री बोथट झाली आणि त्याच्या कमरेत उसण भरली. मेंढी हातातून सुटली ती थेट भगवतीच्या देवळापर्यंत गेली. एका बाजूने मेंढी, दुसऱ्या बाजूने भलतंच काही, असं ते ध्यान सगळ्या गावाने पाहिलं. निघालेली लोकर काथ्यासारखी राठ. घोंगडीला चालली असती. स्वेटर केला असता तर माणूस सोलून निघाला असता.

मग त्याने जाहीर केलं की मेंढ्या खरं तर मटणासाठीच आणल्यात. जवळच्या कट्टा गावाहून खाटीक आला. एका मेंढीची पाठ चाचपून म्हणाला, "ही देतास?"

दत्तप्रसादने तिच्याकडे पाहिलं. ही रोज सकाळी त्याच्या लुंगीचं टोक चघळायची.

"ती गाभण आसा."

"आनि ह्यो?" खाटकाने मेंढ्याकडे बोट दाखवलं.

"तो पण," दत्तप्रसाद बोलून गेला.

खाटकाने स्कूटर सुरू केली. संध्याकाळपर्यंत मेंढ्याच्या डोहाळजेवणाची आमंत्रणं नाक्यावर वाटून झाली होती.

पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर कुजायला लागले. सरकारी डॉक्टर म्हणाले, "ही कोरड्या माळावरची जनावरं. चिखलात उभी ठेवू नका." दत्तप्रसादने पोफळीच्या रिपांचा उंच माच बांधला, रोज खूर धुऊन औषध लावलं. मेंढ्या कशासाठी पाळल्यात, हे आता तो कोणाला सांगत नव्हता, कारण त्यालाही ते ठाऊक नव्हतं. सकाळी मेंढ्या, दुपारी मेंढ्या, संध्याकाळी आयोडेक्स.

पाऊस सरल्यावर मात्र एक गोष्ट दिसली. काजूखालचं कमरेएवढं गवत मेंढ्यांनी साफ करून टाकलं होतं. माचाखाली लेंडीखताचा ढीग झाला होता, तो झाडांना घालता आला. पुढे हंगामात पडलेली काजूची बी जमिनीवर आपोआप नजरेस पडू लागली. यात त्याची अक्कल काहीच नव्हती. मेंढ्यांना भूक लागली होती, एवढंच.

नाक्यावर सगळ्यात मोठ्याने हसलेला शेजारी गंगाराम पुढच्या दिवाळीनंतर कुंपणाशी येऊन उभा राहिला. गवत कापायला त्याला माणसं मिळत नव्हती. "दत्ता, चार दिस माझ्या बागेत सोडतलस काय मेंढरां?"

दत्तप्रसादने विचार करत असल्याचं दाखवलं. खरं तर त्याला गंगारामच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. "बघतंय," तो म्हणाला, आणि लगेच चपला शोधायला लागला.

त्याच्याशिवाय मेंढ्या पाऊल उचलत नव्हत्या, म्हणून काठी घेऊन तोच पुढे निघाला. गावच्या तलावाच्या रस्त्यावर पर्यटकांची गाडी थांबली. एका मुलीने मोबाईल वर केला. "काका, जरा बाजूला व्हाल? फक्त मेंढ्या हव्यात."

तो निमूटपणे बाजूला झाला. त्याच्यामागोमाग सगळ्या मेंढ्याही बाजूला झाल्या. तो दुसऱ्या बाजूला गेला, तर त्याही गेल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "राहू दे काका, तुम्ही पण या."

दत्तप्रसादने पोट आत घेतलं.