रांगेत धरलेली जागा

मित्रांनो, दोरा थोडा आणि भोकंच फार, असा माझा अवतार आहे. मी एक जुनी जाळीची पिशवी. व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरात, एका स्वयंपाकघरातल्या दारामागच्या खिळ्याला मी लटकलेली असते. समोर स्टुलावर कापितोलिना आजी बसलेली असते. घरात आवाज असतो तो फक्त फ्रिजचा.

माझा जन्म अंध कामगारांच्या कारखान्यात झाला. जिनं मला विणलं तिनं मला कधी पाहिलं नाही, पण माझी प्रत्येक गाठ तिनं पुन्हा पुन्हा चाचपली होती. म्हणून तर मी अजून टिकून आहे. त्या काळी दुकानात कधी काय मिळेल याचा नेम नसायचा, म्हणून माझ्या जातीला लोक ‘कदाचित’ म्हणायचे. मी घडी घातली की मुठीत मावते. कामावर जाताना, नाटकाला जाताना, एकदा तर मयताला जातानाही मी आजीच्या कोटाच्या खिशात होते. न जाणो, वाटेत कदाचित काही विकायला आलंच तर!

तेव्हा ती आजी नव्हती. बटणांच्या कारखान्यात काम करणारी आणि तान्ह्या मुलीला एकटीनं वाढवणारी कापा होती. शहरात नवखी. दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकायची, पण तिच्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नव्हतं.

एका डिसेंबरात घरी परतताना तिला दुकानाबाहेर लांबलचक रांग दिसली. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि कशाची ते मग विचारायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता.

“शेवटचं कोण?” कापानं विचारलं.

“मी,” हिरव्या शालीतली एक ठेंगणी बाई म्हणाली. “आता तू.”

“काय आलंय?”

“देव जाणे. पण एवढी माणसं काय वेडी आहेत? काहीतरी चांगलंच असणार.”

पुढून बातम्या येत होत्या. बूट आलेत म्हणे. छे हो, मासे आहेत, खारवलेले! बर्फ पडत होता आणि रांग काही हलत नव्हती. त्या बाईचं नाव रिम्मा. ती ट्राम चालवायची. कापाचे पाय गोठलेले पाहून ती म्हणाली, “जा, त्या जिन्यात जरा ऊब घेऊन ये. माझ्यामागं तू आहेस, मी सांगते सगळ्यांना.”

कापा परत आली तेव्हा तिची जागा शाबूत होती. कुणीतरी आपली जागा धरून ठेवली, एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले.

अखेर दोघी विक्रेतीसमोर पोचल्या. मिळालं काय? उंदराचा सापळा. माणशी एक!

कापाचं तोंड एवढंसं झालं. रिम्मा तिच्या कानाशी लागून म्हणाली, “आमच्या कपाटात पावाचा तुकडा सापडायची मारामार. उंदीर बिचारा येऊन करणार काय?” दोघी इतक्या हसल्या की विक्रेतीनं डोळे वटारले. सापळे मात्र घेतलेच त्यांनी. इतका वेळ उभं राहून रिकाम्या हातानं कोण जाणार!

पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. कापा रांगेत उभी, आणि रिम्मा ट्रामवरची पाळी संपवून धापा टाकत येते आहे. एकदा नववर्षाच्या तोंडावर संत्री आली आणि लोक ओरडायला लागले, “कुठाय तुमची ती रिम्मा? हवेत?”

“ट्रामवर आहे!” कापा कडाडली. “तुमच्याच पोरांना घरी पोचवतेय. माझ्यामागं रिम्मा आहे म्हणजे आहे!”

त्या दिवशी मी संत्री घेऊन रस्त्यानं निघाले आणि माझा थाट काय वर्णावा! माझ्या पोटात काही लपत नाही. अनोळखी माणसं थांबून विचारायची, “बाई, कुठं हो मिळाली?” कापा सांगायची. आमच्याशी बोलायला कारण लागायचं नाही, कारण हातातच असायचं.

मित्रांनो, ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. आजीचे पाय त्या रांगांनीच दुखरे केले. लोण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या, आणि टंचाईची तक्रार करायची तर आधी आजूबाजूला बघून, कुणी चहाडी करेल म्हणून. “तरुणपण रांगेत गेलं माझं,” असं म्हणून आजी आजही त्या काळाला शिव्या घालते.

पुढे राज्य बदललं. दुकानं भरली, रांगा सरल्या. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी खिळ्यावर गेले. आजीची मुलगी दूरच्या शहरात राहायला गेली. एका हिवाळ्यात रिम्माही वारली.

गेल्या वसंतात आजीची नात ताया आली. आजीनं मला हौसेनं खाली काढलं आणि दोघी पाव आणायला गेल्या. दारातून शिरताच आजी सवयीनं म्हणाली, “शेवटचं कोण?”

“आजी, दुकानात कुणीच नाहीये!” ताया हसत सुटली.

“तेच तर,” आजी म्हणाली.

घरी चहा पिताना तिनं तायाला हिरव्या शालीची सगळी हकिकत सांगितली. खणातून तो सापळा काढून दाखवला. मग म्हणाली, “पुढं कुणी नाही, त्याचं काही नाही गं. माझ्या वयात पुढचे जायचेच. पण मागं वळून बघावं तर मागंही कुणी नाही. त्याचं फार वाईट वाटतं.”

निघायच्या दिवशी, प्रवासाआधी घटकाभर बसायची रीत म्हणून दोघी सामानाशेजारी टेकल्या. मग कोट चढवताना ताया एकदम म्हणाली, “आजी, शेवटचं कोण?”

आजी गोंधळली. “मी... मीच.”

“मग तुझ्यामागं मी. जागा धरून ठेव. उन्हाळ्यात येते.”

उन्हाळ्यात फोन आला. काम फार आहे म्हणाली. आता झाडांची पानं गळताहेत.

ताया गेल्यापासून आजी रोज मला हातात घेऊन दुकानात जाते. क्वचित पैसे द्यायला दोन-तीन माणसं थांबलेली असतात. मागून कुणी विचारतं, “शेवटच्या तुम्हीच ना?”

“नाही,” आजी म्हणते. “माझ्यामागं माझी नात आहे. येतेच आहे ती.” आणि एक माणूस मावेल एवढी जागा मागे सोडून उभी राहते. लोक तिच्याकडे बघतात, खांदे उडवतात आणि त्या मोकळ्या जागेच्या मागे उभे राहतात.

मित्रांनो, मी साधी दोऱ्याची पिशवी. माझी गाठ सुटली तर कुणीही पुन्हा बांधेल, माझी काळजी नको. पण तुमच्यासाठी कुणी जागा धरून उभं असेल, तर त्याला फार ताटकळत ठेवू नका. त्याचे पाय दुखतात.